फाशांचा खेळ, पालकांची धास्ती आणि मुलांचे स्वातंत्र्य

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२४ साली एका खेळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिकिटांचा संच प्रसिद्ध केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्या खेळाचे नाव. टपालाच्या तिकिटावर स्थान मिळणे म्हणजे राष्ट्राच्या सर्वसंमत स्मृतीत स्थान मिळणे होय. याच खेळाविषयी चाळीस वर्षांपूर्वी त्याच देशात काय बोलले जात होते हे आठवले म्हणजे या सन्मानातील विसंगती ध्यानात येते. हा खेळ मुलांची बुद्धी भ्रष्ट करतो, त्यांना सैतानाच्या उपासनेकडे नेतो, आत्महत्येस प्रवृत्त करतो, असे त्या काळी चर्चमधील प्रवचनांतून, पालकसभांतून, पोलिसांच्या प्रशिक्षणवर्गांतून आणि दूरचित्रवाणीवरून गांभीर्याने सांगितले जात होते. खेळाचे मूळ स्वरूप या चाळीस वर्षांत फारसे बदललेले नाही. बदलली ती त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रौढांची दृष्टी. मुलांना एकटे सोडावे काय, त्यांच्या खेळात वडीलधाऱ्यांनी किती डोकवावे, आणि एखाद्या खेळावर मृत्यूचा आरोप आला असता समाजाने तो कोणत्या कसोटीवर तपासावा, हे प्रश्न त्या प्रकरणाने उभे केले. ते आजही मिटलेले नाहीत.

खेळाचे स्वरूप

हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. पूर्वी विमा कंपनीत काम करणारा आणि पुढे जोडे दुरुस्त करून चरितार्थ चालवणारा गॅरी गायगॅक्स व मिनेसोटातील त्याचा तरुण सहकारी डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. खेळाची वंशावळ मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ वापरला जाई. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातील शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी या परंपरेत एक मूलगामी बदल केला. खेळाडूच्या हाती संपूर्ण सैन्य देण्याऐवजी त्यांनी त्याला एकच पात्र दिले आणि त्या पात्राच्या तोंडून बोलण्यास सांगितले.

चार-सहा जण मेजाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. पडकी गढी, तिच्याखालची भुयारे, तेथील राक्षस आणि खजिने यांचे जग तो आधी कल्पून ठेवतो आणि खेळताना शब्दांनी उभे करतो. इतरांपैकी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, तर कोणी चोर. दार उघडायचे की आधी कान लावून पलीकडची चाहूल घ्यायची, हे खेळाडूंनी ठरवायचे. प्रयत्न सफल होतो की फसतो, ते पुष्कळदा वीस पैलूंच्या फाशावर अवलंबून असते. शेवटी कोणी जिंकत नाही वा हरत नाही. कथा पुढील आठवड्यावर जाते आणि कधी कधी वर्षानुवर्षे चालते. नियमांची पुस्तके जाडजूड असतात. दहा-बारा वर्षांची मुले ती आपण होऊन वाचतात, त्यांतील कोष्टके पाठ करतात आणि त्यांवर वकिलांप्रमाणे वाद घालतात. प्राथमिक संचाच्या १९८१ च्या आवृत्तीवर दहा वर्षे व त्यापुढील वयासाठी, अशी शिफारस छापलेली होती.

या खेळाची एक विशेषता पुढे त्याला भोवली. कॅरमचा पट दिसतो, क्रिकेटचा चेंडू दिसतो, त्यामुळे दारातून क्षणभर डोकावणाऱ्या बापालाही काय चालले आहे ते उमगते. येथे दारातून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. मुले कुजबुजतात, एकाएकी हसतात, शाप, मंत्र आणि मृत्यू यांविषयी बोलतात, आणि मोठे माणूस खोलीत आले की गप्प होतात. भीतीला वाव मिळण्यास एवढे पुरेसे होते.

दोन दुर्दैवी घटना

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक सोळा वर्षांचा, असामान्य बुद्धीचा विद्यार्थी एकाएकी नाहीसा झाला. पालकांनी विल्यम डिअर नामक खाजगी गुप्तहेर नेमला. मुलगा हा खेळ खेळत असे, हे कळताच डिअरने एक तर्क वृत्तपत्रांपुढे मांडला. विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांसाठी खोदलेली भुयारे होती. मुलगा त्या भुयारांत खेळ प्रत्यक्ष खेळण्यास उतरला असावा आणि तेथेच हरवला असावा, असे त्याचे म्हणणे. बातमी देशभर गाजली. महिनाभराने मुलगा दूर लुइझियाना राज्यात सापडला. त्याच्या नाहीसे होण्याशी खेळाचा संबंध नव्हता. वयाने मोठ्या सहाध्यायांमधील एकाकीपणा, अभ्यासाचे दडपण, घरच्या अपेक्षा आणि खोल नैराश्य यांनी तो ग्रासलेला होता. १९८० साली त्याने आपले जीवन संपवले. डिअरने खरी हकीकत १९८४ साली पुस्तकरूपाने सांगितली. तोवर भुयारांची कथा लोकांच्या मनात पक्की झाली होती. त्या कथेशी साम्य असलेली रोना जॅफी यांची कादंबरी १९८१ साली आली आणि पुढील वर्षी तिच्यावरील दूरचित्रवाणीपट प्रदर्शित झाला.

दुसरी घटना १९८२ सालची, व्हर्जिनिया राज्यातील. पॅट्रिशिया पुलिंग या महिलेच्या शाळकरी मुलाने आत्महत्या केली. शाळेत खेळताना त्याच्या पात्राला शाप देण्यात आला आणि त्याचाच हा परिणाम, अशी तिची धारणा झाली. शाळेच्या मुख्याध्यापकांवर आणि खेळाच्या ‘टीएसआर’ या प्रकाशनसंस्थेवर तिने दावे केले. ते न्यायालयात टिकले नाहीत. तेव्हा तिने १९८३ साली खेळाविरुद्ध एक संघटना स्थापन केली. पुढे ती पोलिसांपुढे व्याख्याने देऊ लागली आणि न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून उभी राहू लागली. १९८५ साली ‘सिक्स्टी मिनिट्स’ या प्रतिष्ठित वृत्तकार्यक्रमाने तिचे आणि गायगॅक्सचे म्हणणे समोरासमोर मांडले. खेळावर बेतलेल्या मुलांच्या चित्रमालिकेपूर्वी धोक्याचा इशारा दाखवावा, अशी मागणी सरकारी यंत्रणांकडे करण्यात आली. ती मान्य झाली नाही.

पुत्रवियोगाने व्याकूळ झालेल्या आईने कारण शोधावे, यात अस्वाभाविक काही नाही. तिच्या दुःखाची थट्टा करणे असभ्यपणाचे होईल. परंतु तिने दिलेले उत्तर तपासण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्या वृत्तसंस्था, शाळा आणि पोलीस अधिकारी यांना दुःखाची सबब सांगता येत नाही.

अंश आणि छेद

हा तपास अवघड नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सुमारे तीस मृत्यूंची एक यादी सांगितली जात होती. मृत्यू पावलेली वा गुन्हा केलेली ही मुले खेळ खेळत असत, हा तिचा आधार. अंकगणितातील अपूर्णांक शिकलेल्या कोणासही येथे एक प्रश्न सुचावयास हवा. ही यादी अंश झाली. छेद कोणता?

खेळणाऱ्यांची संख्या त्या काळी तीस ते चाळीस लाख असावी, असा अंदाज केला जाई. त्याच सुमारास अमेरिकेतील पंधरा ते चोवीस वयोगटात दर लाखामागे वर्षाला सुमारे बारा आत्महत्या होत. तीस लाख तरुण कोणत्याही निकषाने निवडले, म्हणजे निळा सदरा घालणारे निवडले काय किंवा आइस्क्रीम आवडणारे निवडले काय, तरी या दराने त्यांच्यात वर्षाला साडेतीनशेच्या आसपास आत्महत्या घडल्या असत्या. पाच वर्षांत हा आकडा पावणेदोन हजारांवर जातो. त्यापुढे तीसांची यादी काय सिद्ध करते? खेळ मुलांचे रक्षण करतो, असेही यावरून सिद्ध होत नाही. खेळणारे बहुतांशी मध्यमवर्गीय मुलगे होते, यादी अपुरी होती, आणि तुलना काटेकोर करावयाची तर वर्ग, लिंग व वय यांचा हिशेब घ्यावा लागेल. छेदावाचूनचा अंश काहीच सांगत नाही, एवढाच निष्कर्ष येथे निघतो आणि तेवढाच पुरेसा आहे. मायकेल स्टॅकपोल या खेळरचनाकाराने १९९० साली एका विस्तृत अहवालात या प्रकारचा हिशेब मांडला आणि पुलिंगबाईंचे दावे एकेक करून तपासले. तोवर घबराटीला दहा वर्षे उलटून गेली होती.

रिकामी घरे

इतका साधा प्रश्न इतकी वर्षे कोणी का विचारला नाही? समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ साली ब्रिटनमधील तरुणांच्या टोळ्यांचा अभ्यास करताना ‘नैतिक घबराट’ ही संकल्पना मांडली. समाजात आधीच साचलेली अस्वस्थता एखाद्या सोयीच्या लक्ष्यावर गोळा होते, असे तिचे सार. सत्तरच्या दशकातील अमेरिकेत अशी अस्वस्थता साचण्यास आर्थिक कारणे होती.

अठरा वर्षांखालील मुले असलेल्या मातांपैकी नोकरी करणाऱ्या वा शोधणाऱ्या मातांचे प्रमाण १९७५ साली सुमारे सत्तेचाळीस टक्के होते. १९८५ पर्यंत ते साठ टक्क्यांच्या वर गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर महागाई भडकली, वेतनवाढ मंदावली, एका पगारात घर भागेनासे झाले. घटस्फोटांचे प्रमाणही १९८० च्या सुमारास शिगेला पोहोचले होते. शाळा दुपारी तीनला सुटे आणि कचेरी पाचला. मधले दोन-तीन तास गळ्यात किल्ली अडकवलेली मुले रिकाम्या घरात काढीत. त्या काळात त्यांना नावच ‘किल्लीवाली मुले’ असे पडले.

या तासांची काही सार्वजनिक व्यवस्था होऊ शकली असती. मुलांच्या संगोपनासाठी देशव्यापी केंद्रे उभारण्याचे विधेयक अमेरिकन काँग्रेसने १९७१ साली संमत केलेही होते. अध्यक्ष निक्सन यांनी त्या वर्षअखेरीस नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. जी जबाबदारी शासनाने नाकारली ती घरावर पडली, घरावरची आईवर पडली आणि आईवरची अपराधभावना होऊन तिच्या मनात राहिली. आपण नसताना मूल काय करीत असेल, हा प्रश्न लाखो घरांत रोज दुपारी उपस्थित होत होता. १९८४ पासून हरवलेल्या मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली जाऊ लागली आणि न्याहारीच्या मेजावरच या धास्तीची आठवण मिळू लागली. मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांवरही संशयाची छाया पडली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर १९८३ साली अघोरी अत्याचारांचे आरोप झाले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकही आरोप शाबीत झाला नाही.

तळघरात मुलेच मुले बसून, मोठ्यांना न कळणारे काही तरी खेळत आहेत, हे चित्र अशा वातावरणात कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. खेळातील राक्षस हे निमित्त झाले. पालकांना खरे टोचत होते ते आपले तेथे नसणे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. युटा राज्यातील हेबर सिटी येथे १९८० साली ज्या उपक्रमाविरुद्ध पालकांनी मोहीम केली तो शाळेने चालवलेला होता. पुलिंग प्रकरणातही आरोप शाळेत खेळल्या गेलेल्या खेळाविषयी होता. म्हणजे देखरेख नव्हती असे नाही. देखरेखीचा अभाव हे भीतीचे मूळ असते तर शिक्षकांच्या उपस्थितीने ती शमावयास हवी होती. ती शमली नाही. एकदा भय पक्के झाले की देखरेखीने त्याचे समाधान होत नाही, त्याला बंदीच हवी असते.

भीतीची किंमत

फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १८५० साली एक भेद सांगितला होता. प्रत्येक कृतीचे काही परिणाम डोळ्यांना दिसतात आणि काही दिसत नाहीत. चांगला अर्थशास्त्रज्ञ दोहोंचा हिशेब ठेवतो. खेळाविरुद्धच्या मोहिमेत दिसणारे परिणाम किरकोळ वाटतात. काही शाळांतील मंडळे बंद झाली. प्रकाशकांनी आपल्यावर आचारसंहिता लादून घेतली आणि १९८९ च्या आवृत्तीतून दैत्य व सैतान ही नावे गाळली. पुढे मालकी बदलल्यावर २००० सालच्या आवृत्तीत ती परत आली. खपाच्या दृष्टीने तर मोहिमेने प्रकाशकांचे भलेच केले. १९७९ च्या बातम्यांनंतर मागणी झपाट्याने वाढली, कारण ज्यांनी खेळाचे नाव ऐकले नव्हते त्यांनी ते आता ऐकले.

न दिसणारी किंमत फार मोठी होती. मिशिगनचा तो मुलगा नैराश्याने खचत असताना विद्यापीठात त्याची विचारपूस करणारे कोण होते, हा प्रश्न भुयारांच्या कथेखाली गाडला गेला. एखाद्या शाळेने खेळावर बंदी घातली की आपण काही केले, असे समाधान तिला मिळते, आणि समुपदेशकाची नेमणूक पुढील अंदाजपत्रकावर ढकलली जाते. चुकीचे निदान केवळ निरुपयोगी ठरत नाही, ते खऱ्या उपचाराची जागा अडवून बसते. ज्या मुलांना शाळेत मित्र नव्हते आणि या मेजाभोवती प्रथमच मिळाले होते, त्यांचे काय झाले याची नोंद कोणत्याही सरकारी कोष्टकात सापडणार नाही.

अविश्वासाची ही सवय लवकर जात नाही. विस्कॉन्सिनमधील एका तुरुंगात या खेळावर घातलेली बंदी केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० साली उचलून धरली. सूत्रधार इतरांना आज्ञा देतो, त्यातून टोळी तयार होऊ शकते, असा तुरुंग प्रशासनाचा युक्तिवाद होता. तुरुंगाची शिस्त हा वेगळा विषय आहे. तथापि खेळाच्या जन्मभूमीतच हा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला, हे नोंदण्याजोगे आहे.

मेजाभोवतीचे छोटे राज्य

सूत्रधार खरोखरच आज्ञा देतो काय? मोठ्यांच्या अनुपस्थितीत मुले एकत्र बसतात तेव्हा काय घडते, याविषयी काही भक्कम विचार उपलब्ध आहे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मुलांच्या नैतिक जाणिवेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने प्रार्थनास्थळांतील वा शाळांतील नीतिपाठ निवडले नाहीत. रस्त्यावर गोट्या खेळणाऱ्या मुलांकडे तो गेला. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले, अढळ वाटतात, असे त्याला आढळले. दहा-बारा वर्षांची मुले मात्र नियम म्हणजे आपसांतील करार मानतात, सर्वांची संमती असेल तर तो बदलता येतो असे समजतात. हा पालट कसा घडतो? पियाजेच्या मते समवयस्कांबरोबरच्या बरोबरीच्या व्यवहारातून. मोठ्यांच्या धाकातून आज्ञाधारकपणा येतो, न्यायबुद्धी बरोबरीच्या संबंधात वाढते.

मेजावरच्या या खेळात तो करार पदोपदी करावा लागतो. फासा मेजाखाली पडला तर तो धरायचा काय? सूत्रधाराने अन्याय केला तर दाद कोठे मागायची? आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली संस्थांविषयी जे सांगितले ते येथे चपखल लागू पडते. असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात. एक, आवाज उठवणे. दुसरा, निघून जाणे. सूत्रधाराची सत्ता या दोहोंनी मर्यादित असते. मनमानी करणाऱ्या बारा वर्षांच्या सूत्रधाराला पुढील शनिवारी खेळाडू मिळत नाहीत. आपली सत्ता इतरांच्या राजीखुशीवर उभी आहे, हा राज्यशास्त्राचा पहिला धडा त्याला कोणीही न शिकवता मिळतो. दुर्बळ राजा, लाचखाऊ पहारेकरी आणि वाटणीवरून भांडणारे साथी यांच्या कथा रचताना उरलेले धडेही मिळत जातात.

या ठिकाणी वडीलधारे माणूस येऊन बसले की चित्र पालटते. ते कितीही समजूतदार असो, त्याच्या उपस्थितीने वरिष्ठ न्यायालय स्थापन होते. तक्रार आता परस्परांकडे न जाता त्याच्याकडे जाते. निवाडा लवकर होतो आणि बहुधा बरोबरही होतो. मात्र तो करण्याचे कसब मुलांच्या अंगी येत नाही.

मराठी वाचकास हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथांचीही गरज नाही. लगोरी, आट्यापाट्या, लपंडाव या खेळांत धाकट्या भावंडाला काय म्हणून घ्यायचे, हा प्रश्न मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच सोडवलेला आहे. त्याला ‘कच्चे लिंबू’ ठरवायचे. तो खेळतो, पळतो, ओरडतो. फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळाला सामावून घेताना खेळाची चुरस कायम राखणारी ही तरतूद कोणा शिक्षणाधिकाऱ्याच्या परिपत्रकातून आलेली नाही. ती अंगणात, मोठ्यांच्या नजरेआड घडली.

खरे धोके

यावरून मुलांना सर्वस्वी मोकळे सोडावे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. मुले निष्पाप असतात हे अर्धसत्य आहे. ती क्रूरही असतात. हर्शमनच्या दोन मार्गांचा येथे पुन्हा विचार केला पाहिजे. ज्याला निघून जाता येते त्याच्यासाठी मेज हे स्वातंत्र्याचे स्थान आहे. ज्याला जाता येत नाही त्याचे काय? थोरल्या भावाच्या टोळीत बसलेला धाकटा, मुलग्यांच्या घोळक्यातील एकटी मुलगी, ज्याला या पाच जणांपलीकडे मित्रच नाहीत असा मुलगा, यांना बाहेर पडण्याची किंमत फार मोठी पडते. त्यांच्या बाबतीत कल्पित कथेच्या आडून खरा छळ होऊ शकतो. वयाचे अंतर मोठे असेल, दहा वर्षांच्या मुलांचा सूत्रधार वीस वर्षांचा तरुण असेल, तर बरोबरीचा संबंधच उरत नाही, आणि पियाजेचा युक्तिवादही लागू पडत नाही. अपरिचित प्रौढ माणसाने मुलांच्या मेजावर ठाण मांडले असेल तर पालकांनी चौकशी केलीच पाहिजे.

तसेच आज हा खेळ संगणकाच्या पडद्यावरूनही खेळला जातो. तेथे समोरचा आवाज कोणाचा आहे, त्याचे वय काय, हे मुलाला कळण्याचा मार्ग नाही. मेजाभोवती शेजारची ओळखीची मुले असतात, हे त्या जुन्या तळघराचे मोठेच संरक्षण होते. ते पडद्यावर मिळत नाही. पालकांची दक्षता खर्च व्हावयाची तर ती येथे व्हावी.

म्हणून देखरेख या एका शब्दात कोंबलेले तीन वेगळे अर्थ सुटे केले पाहिजेत. पहिला अर्थ मेजावर बसून खेळ चालवणे. दुसरा, खोलीत बसून प्रत्येक वाक्य ऐकणे. तिसरा, घरात असणे, कोण आले आहे हे ठाऊक असणे, आणि मूल उठून आले तर त्याला ऐकून घेणारे कोणी असणे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना गरज असते ती तिसऱ्याची. त्याहून लहान मुलांसाठी दुसऱ्याचीही असेल. पहिल्या प्रकारची हौस मोठ्यांना असते. मुलांची गरज म्हणून ती क्वचितच समर्थनीय ठरते. खुद्द खेळाडूंनीही काही सुज्ञ रीती बसवल्या आहेत. खेळापूर्वी एक बैठक घेऊन कोणते विषय नकोत हे ठरवायचे. मेजावर एक पत्ता ठेवायचा, आणि प्रसंग असह्य झाल्यास कोणीही कारण न देता त्याला हात लावला की तो प्रसंग वगळून पुढे जायचे. निघून न जाता नकार देण्याची सोय यातून होते. ज्याला मेज सोडणे परवडत नाही त्याच्यासाठी ती महत्त्वाची आहे.

आपल्याकडील धडा

अमेरिकेतील हे प्रकरण महाराष्ट्राला परके वाटण्याचे कारण नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्लू व्हेल’ नामक कथित खेळाची भीती वणव्यासारखी पसरली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मोठ्या संगणकजाल कंपन्यांना या खेळाचे दुवे हटवण्याचे आदेश दिले. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी मुलांचे फोन तपासले. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सरकारनेच सांगितले की, तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही. घबराटीची बातमी पहिल्या पानावर होती. या उत्तराची आठवण आज किती जणांना आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्या आकड्यामागे परीक्षा आहेत, कर्ज काढून भरलेले शुल्क आहे, घरातील कलह आहे, उपचाराविना राहिलेले आजार आहेत. यांपैकी कशावरही बंदी घालता येत नाही, म्हणून बंदी घालता येईल असे काही तरी शोधण्याचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना देताना शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, असे सांगितले. एखाद्या खेळावरील बंदीपेक्षा हे काम खर्चाचे, कंटाळवाणे आणि संथ आहे. परंतु मुलांचे प्राण वाचण्याचा संभव त्यातच अधिक आहे.

आणखी एक आर्थिक बाजू विचारात घेण्यासारखी आहे. देखरेखीखालील वेळ ही आता विकत घेण्याची वस्तू झाली आहे. शिकवण्या, छंदवर्ग, उन्हाळी शिबिरे यांत मुलाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत वाटून दिला जातो. ज्यांना परवडते ते तो विकत घेतात, ज्यांना परवडत नाही त्या आईबापांना आपण मुलाकडे दुर्लक्ष करीत आहोत असे वाटू लागते. अमेरिकेत ही प्रवृत्ती इतकी टोकाला गेली की, मुलाला एकटे शाळेत जाऊ देणे वा अंगणात खेळू देणे म्हणजे हेळसांड नव्हे, हे सांगण्यासाठी युटा राज्याला २०१८ साली कायदा करावा लागला. ज्या राज्यात १९८० साली पालकांनी मुलांचा खेळ बंद पाडला, त्याच राज्यावर अडतीस वर्षांनी मुलांचे एकटेपण कायद्याने संरक्षित करण्याची वेळ यावी, यात बरेच काही आले.

मुलांच्या खेळावर आरोप होईल तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. किती मुले तो खेळतात आणि त्यांपैकी कितींना अपाय झाला? जे मूल दुखावले गेले त्याच्या आयुष्यात खेळाखेरीज आणखी काय चालले होते? आणि खेळ बंद केल्यास त्या मुलांचे काय हिरावले जाईल? १९७९ साली हे प्रश्न विचारले गेले असते तर एका मुलाच्या नैराश्याची कथा भुयारांच्या कथेखाली दबली नसती. शेजारच्या खोलीत मुले कुजबुजत असतील तर दार लोटून घेण्यास हरकत नाही. आतून कोणी हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर मात्र कोणी तरी असावे.